बर्निनीच्या शेजारची जागा

इटलीतल्या एखाद्या जुन्या दालनात किंवा चौकात समकालीन कलाकाराचे काम उभे राहिले की वाद पेटतो, आणि दर वेळी तो त्याच दोन वाक्यांत अडकतो. 2015 साली फ्लॉरेन्सच्या पियात्सा देल्ला सिन्योरियात जेफ कून्सचे सोनेरी, आरशासारखे चकाकणारे ‘प्लूटो आणि प्रोसर्पिना’ उभे राहिले तेव्हा हेच झाले. 2017 मध्ये त्याच चौकात उर्स फिशरने मुठीत दाबलेल्या मातीच्या गोळ्यांचा आकार 12 मीटर उंच अॅल्युमिनियममध्ये आणला तेव्हाही तेच, आणि 2021 मध्ये रोमच्या बोर्गेझे दालनात डेमियन हर्स्टची ऐंशीहून अधिक कामे पसरली तेव्हाही तेच. एक बाजू म्हणते, ही वारशाची विटंबना आहे. दुसरी म्हणते, मायकेलअँजेलोही एके काळी समकालीनच होता. दोन्ही वाक्ये ऐकायला ठसठशीत आहेत आणि दोन्ही पुढचा विचार थांबवतात. माझे म्हणणे असे की जुन्या दालनांत नवी कला यायलाच हवी; तिला दार बंद करणे हे त्या दालनांच्याच स्वभावाविरुद्ध आहे. मात्र ती कोणाच्या बोलावण्यावरून आली, तिचा खर्च कोणी उचलला आणि ती गेल्यावर मागे काय उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसतील तर तिच्याबद्दलचा वाद पोकळ आहे. रुचीचा वाद म्हणून जो लढला जातो, तो मुळात जबाबदारीचा वाद आहे.

आधी विटंबनेचा मुद्दा घेऊ. हे दालन ‘जसे होते तसे’ ठेवा, असे म्हणणाऱ्यांच्या मनातले ते ‘जसे होते’ नेमके कधीचे? बोर्गेझे दालन हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. कार्डिनल शिपिओने बोर्गेझे हा आपल्या काळातल्या नव्या कलेचा भुकेला संग्राहक होता. चित्रकार काराव्हाज्जोने रोमच्या सेंट पीटर्स चर्चसाठी 1605-06 मध्ये रंगवलेली माता मेरी आणि सापाला चिरडणारा बालयेशू हे चित्र तिथल्या वेदीवर फार काळ टिकू शकले नाही. ते उतरवले गेले आणि शिपिओनेने विकत घेतले. चर्चने नाकारलेले ते चित्र आज याच घरात आहे. बर्निनीचे ‘अपोलो आणि डाफ्ने’ (1622-25) हे शिल्प, म्हणजे मागे लागलेल्या अपोलो देवापासून सुटण्यासाठी झाड होत चाललेली डाफ्ने, त्याने घडवून घेतले तेव्हा शिल्पकार विशीतला होता. शिवाय नव्या हाताने जुन्या संगमरवराला स्पर्श करणेही याच घरात घडले : झोपलेल्या हर्माफ्रोडायटसच्या (ग्रीक पुराणातल्या स्त्री-पुरुष एकरूप पात्राच्या) प्राचीन शिल्पाखाली बर्निनीने 1620 च्या सुमारास संगमरवरी गादी कोरली, आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लोक त्या गादीलाही तितक्याच कौतुकाने पाहतात. ते शिल्प लूव्रमध्ये का? कारण 1807 मध्ये कामिल्लो बोर्गेझेने आपल्या मेहुण्याला, म्हणजे नेपोलियनला, घरातली शेकडो प्राचीन शिल्पे विकली. त्याआधी अठराव्या शतकाच्या अखेरीस याच घराण्यातल्या मार्कान्तोनियो चौथा याने वास्तुकार अस्प्रुच्ची याच्याकडून खोल्यांची सजावट बदलून घेतली होती, आणि तेव्हाच ‘अपोलो आणि डाफ्ने’ खोलीच्या मध्यभागी आले. बर्निनीने ते तिथे ठेवलेले नव्हते. दारातून शिरणाऱ्याला आधी अपोलोची पाठ दिसावी आणि पुढे गेल्यावर डाफ्नेच्या बोटांना फुटलेली पालवी दिसावी, अशी मूळ रचना होती. म्हणजे आज ज्या मांडणीला आपण अस्पर्श समजून जपतो, ती स्वतःच एका उत्तरकालीन मांडणीकाराचे काम आहे. 1902 मध्ये इटलीच्या सरकारने वास्तू आणि संग्रह विकत घेतला, तो या सगळ्या उलथापालथीसकट.

तेव्हा ‘नवे येऊ नये’ हा दावा इतिहासाच्या आधारावर उभा राहत नाही. पण म्हणून ‘मायकेलअँजेलोही समकालीन होता’ हे उत्तर बरोबर ठरते का? माझ्या मते ते अधिक धोकादायक आहे, कारण ते निम्मे खरे आहे. ‘डेव्हिड’ कसा उभा राहिला ते नीट आठवू. ऑगस्ट 1501 मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या कारभारी मंडळाने मायकेलअँजेलोशी लेखी करार केला. दोन वर्षे, महिना 6 फ्लोरिन, आणि दगड त्यांचा, आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून सोडलेला. पुतळा होत आला तेव्हा तो कुठे ठेवायचा यावर 25 जानेवारी 1504 रोजी बैठक झाली. तीसच्या आसपास माणसे होती. लिओनार्दो, बोत्तिचेल्ली, जुलियानो दा सांगाल्लो त्यात होते. सांगाल्लो म्हणाला, संगमरवर मऊ पडलेला आहे, उघड्यावर टिकणार नाही, चौकाच्या कडेच्या लोज्जाच्या, म्हणजे छत असलेल्या मंडपाच्या, कमानीखाली ठेवा. लिओनार्दोनेही लोज्जाच सुचवली. बोत्तिचेल्लीला कॅथेड्रलजवळची जागा हवी होती. पहिल्यांदा बोललेल्या शासकीय दवंडीकाराने पियात्सा देल्ला सिन्योरियात शासनाच्या महालाच्या दाराशी असलेल्या दोनातेल्लोच्या ‘ज्युडिथ’ला हलवून तिच्या जागी ‘डेव्हिड’ ठेवायची सूचना केली, आणि शेवटी तेच झाले. त्या बैठकीत कोण काय बोलले हे लिहून ठेवलेले आहे, म्हणून पाचशे वर्षांनी आपण ते वाचू शकतो. मे महिन्यात चाळीसहून अधिक माणसांनी चरबी माखलेल्या लाकडी ओंडक्यांवरून चार दिवसांत तो चौकापर्यंत सरकवला, आणि पहिल्याच रात्री कोणीतरी त्याच्यावर दगड मारले. सांगाल्लोची भीतीही निराधार नव्हती : 1873 मध्ये मूळ पुतळा आत, अकादेमिया संग्रहालयात न्यावा लागला आणि 1910 मध्ये चौकात प्रतिकृती बसवली गेली.

ज्यांना ‘मायकेलअँजेलोही समकालीन होता’ म्हणायचे आहे, त्यांनी ही सगळी गोष्ट घ्यायला हवी, फक्त शेवट नव्हे. गावाने काम सांगितले, गावाने पैसे दिले, गावातल्या जाणकारांनी जागेवर जाहीर वाद घातला आणि विरोधकांचे तांत्रिक आक्षेपही नोंदवले. तीस वर्षांनी, 1534 मध्ये, बांदिनेल्लीचे ‘हर्क्युलिस आणि काकस’ हे शिल्प महालाच्या त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले तेव्हा फ्लॉरेन्सकरांनी त्यावर इतक्या जहरी कविता चिकटवल्या की ड्यूक आलेस्सान्द्रोने काही कवींना तुरुंगात टाकले. टीका झाली म्हणजे काम थोर, असे मानणाऱ्यांनी हे शिल्प पाहून यावे. ते अजून तिथेच आहे, आणि टीकाकार बरोबर होते असेच आजही बहुतेकांना वाटते. नव्या कामाला लोकांनी नावे ठेवली, यावरून ते काम पुढे अभिजात ठरेल असा निष्कर्ष निघत नाही.

आता आजची पद्धत पाहा. त्या काळी जागेचा मालक कलाकाराला पैसे देत असे. आज बहुतेक वेळा कलाकाराच्या बाजूचे लोक, म्हणजे त्याचे विक्री-दालन, त्याचा स्टुडिओ किंवा एखादा फॅशनचा ब्रँड, त्या जागेत येण्याचा खर्च उचलतात. बोर्गेझेतले हर्स्टचे प्रदर्शन प्रादाच्या पाठबळावर झाले. पैशाचा प्रवाह उलटा झाला की निर्णयाचा प्रवाहही उलटतो. शिपिओने बोर्गेझे बर्निनीला सांगू शकत होता की मला हे हवे, ते नको. आजच्या संग्रहालयाच्या संचालकाला तयार प्रदर्शन समोर येते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे उरते.

संचालक ‘हो’ का म्हणतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. जुन्या कलेचे मोठे प्रदर्शन उभे करायचे तर तीस-चाळीस ठिकाणांहून चित्रे उसनी आणावी लागतात. प्रत्येक देणारी संस्था आधी तुमच्या इमारतीचा अहवाल मागते : तापमान, आर्द्रता, अग्निशमन, पहारा, दारांची रुंदी, सामानाच्या लिफ्टची क्षमता. प्रत्येक चित्राला भिंतीवरून निघाल्यापासून परत त्याच भिंतीवर टांगले जाईपर्यंतचा विमा लागतो, ज्याला इटलीत ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ म्हणतात. प्रत्येक महत्त्वाच्या चित्राबरोबर एक माणूस प्रवास करतो. पेटी आली की ती उघडायची नाही. दालनाच्या हवेशी जुळण्यासाठी साधारण 24 तास बंदच ठेवायची, मग बरोबर आलेल्या त्या माणसासमोर उघडून प्रत्येक ओरखड्याची छायाचित्रासह नोंद करायची. हेच सगळे परत जाताना. त्याउलट एका हयात कलाकाराच्या प्रदर्शनात देणारा बहुधा एकच, करार एक, वाहतूकदार एक. 2014 च्या सुधारणांनंतर मोठ्या सरकारी संग्रहालयांना स्वायत्तता मिळाली आणि त्याबरोबर प्रेक्षकसंख्या आणि उत्पन्नाचे हिशेब देण्याचा दबावही आला. अशा वेळी तयार प्रदर्शन सोपे वाटणारच. तीच ती सात-आठ नावे फ्लॉरेन्सपासून व्हेनिसपर्यंत फिरताना दिसतात याचे कारण हेच आहे. एवढी यंत्रणा पदरी बाळगणारे कलाकार जगात थोडेच आहेत.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा बाजाराचा आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. बर्निनीच्या खोलीत काढलेले छायाचित्र विक्रीच्या कॅटलॉगमध्ये गेले की त्या कामाची किंमत वाढते. सार्वजनिक मालकीच्या खोलीने मिळवून दिलेली ती वाढ खासगी खिशात जाते. व्हेनिसमध्ये तर हे नाते उघडेच आहे. पालात्सो ग्रास्सी आणि पुन्ता देल्ला दोगाना ही दोन्ही दालने फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्याकडे आहेत. दुसरी नगरपालिकेने 33 वर्षांच्या कराराने दिली आणि वास्तुकार तादाओ आन्दो यांनी दुरुस्त करून 2009 मध्ये उघडली. पिनो स्वतः मोठे संग्राहक आहेत आणि क्रिस्टीज हे लिलावगृह 1998 पासून त्यांच्याच उद्योगसमूहाचे आहे. दाखवणारा, जमवणारा आणि विकणारा एकाच छपराखाली असताना प्रदर्शनातल्या निवडीवर संशय घेणाऱ्याला कोत्या मनाचा कसे म्हणावे? मात्र इथून ‘म्हणून समकालीन कला नको’ हा निष्कर्ष काढणे चूक आहे. या मुद्द्यातून निघते ते एवढेच की अटी हव्यात. इटलीच्या 2004 च्या वारसा-संहितेत त्यासाठी दारे आहेतच : 20 वे कलम वास्तूच्या ऐतिहासिक स्वरूपाशी विसंगत वापराला मनाई करते, 21 वे कलम कोणत्याही कामाला वारसा-खात्याची, सोप्रिंतेंदेंत्साची, परवानगी मागते, आणि 106 ते 108 ही कलमे वापराचे शुल्क आणि अनामत रक्कम ठरवण्याची सोय देतात. खासगी समारंभासाठी दालन मागणाऱ्याकडून शुल्क घेता येते, तर ज्या प्रदर्शनाने विक्रीची किंमत वाढणार त्याच्याशी तसाच हिशेब का नसावा?

दुसरा मान्य करण्याजोगा मुद्दा प्रेक्षकाचा आहे. बोर्गेझेत दोन तासांच्या पाळीने आत सोडतात. वेळ संपली की बाहेर पडावे लागते. महाराष्ट्रातून आयुष्यात एकदाच रोमला जाणारा माणूस महिनाभर आधी तिकीट काढून येतो, आणि त्या दोन तासांत प्रत्येक खोलीत जुन्या शिल्पांच्या मधून नवी शिल्पे वाट अडवतात. त्याने वैतागणे हा अडाणीपणा नव्हे. हर्स्टच्या बाबतीत माझा आक्षेप कल्पनेवर नाही. बुडालेल्या जहाजातून सापडलेला काल्पनिक प्राचीन खजिना ही कल्पना, जिथे खरी, खोटी आणि दुरुस्त केलेली प्राचीन शिल्पे शतकानुशतके शेजारी नांदली त्या घरात, अर्थपूर्ण ठरू शकली असती. पण ती मालिका 2017 मध्ये व्हेनिसच्या दोन प्रचंड इमारतींसाठी मांडली गेली होती. त्यातली पाच-सहा कामे बोर्गेझेत आली असती तर प्रश्न उभा राहिला असता. ऐंशीवर आली, तेव्हा प्रश्न गर्दीत हरवला. संख्या ही इथे सौंदर्याची बाब आहे, व्यवस्थापनाची नव्हे.

तिसरा मुद्दा इजेचा, आणि यावर दोन्ही बाजू सर्वांत कमी बोलतात, हे मला खटकते. कारण खरे नुकसान इथेच होते. जुन्या महालाचा वरचा मजला लाकडी तुळयांवर किंवा विटांच्या घुमटीवर उभा असतो. आजच्या इटालियन नियमांत संग्रहालयाच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण 500 किलोचा भार धरतात. सतराव्या शतकातल्या मजल्याने तेवढा पेलावा याची कोणतीच हमी नाही. संगमरवर घनमीटरला 2.7 टन, पोलाद 7.8, शिसे 11 च्या वर. म्हणजे मीटरभराचा भरीव पोलादी ठोकळा नियमातल्या भाराच्या पंधरापट भरतो. म्हणून खाली तुळयांच्या दिशेला आडव्या पोलादी पट्ट्या टाकून वजन पसरवावे लागते, खालच्या मजल्यावरून तात्पुरते टेकू द्यावे लागतात, आणि कधी कधी सरळ सांगावे लागते की हे काम इथे येणार नाही. गंजू देण्यासाठीच बनवलेले कॉर्टन पोलाद ओल्या हवेत लालसर पाणी सोडते; ते सच्छिद्र दगडात शिरले की डाग कायमचा. दगड आणि पोलाद यांच्यामध्ये अभेद्य थर हवाच, आणि तो कामाच्या कडेपेक्षा थोडा बाहेर यायला हवा, नाहीतर थेंब नेमका कडेवर पडतो. टांगायचे काम असेल तर छताला भोक पाडता येत नाही. मग वजनावर तोललेली स्वतंत्र चौकट उभारावी लागते. माती, पाने, ओले लाकूड आणले तर त्याबरोबर कीड येते, आणि शेजारी लाकडी फळीवरचे पंधराव्या शतकातले चित्र असते. अनिश कपूर यांचे ‘स्वयंभू’ हे लाल मेणाचे, रुळावरून दारांमधून सरकत जाणारे प्रचंड काम 2023-24 मध्ये फ्लॉरेन्सच्या पालात्सो स्त्रोत्सीत होते. दाराच्या कडांना घासून आकार घेणे हाच अशा कामाचा अर्थ. पण मेण दगडात मुरले तर निघत नाही, म्हणून मूळ चौकटीच्या आत वेगळी, काढून टाकता येणारी चौकट बसवणे ही त्याची पहिली अट असते.

आगीचे काय? नेपल्समध्ये मिकेलांजेलो पिस्तोलेत्तोच्या ‘चिंध्यांची व्हीनस’ची मोठी आवृत्ती 2023 च्या जुलैत उघड्या चौकात जळून खाक झाली, नवी 2024 मध्ये उभारली. चिंध्यांचा ढीग रात्री उघड्यावर ठेवायचा तर कापडाला अग्निरोधक द्रावण, राखलेले अंतर आणि रात्रपाळीचा पहारा हे कलेइतकेच आवश्यक भाग आहेत. आणि 2015 मध्ये बोल्झानोच्या म्युझियोन संग्रहालयात रिकाम्या शॅम्पेनच्या बाटल्या आणि कागदी कपच्यांचे मांडणशिल्प सफाई कर्मचाऱ्यांनी कचरा समजून पिशव्यांत भरले. जगभर लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्यांना कोणी काही सांगितले नाही त्या कामगारांची ती चूक नव्हती. खोलीत काय आहे, कशाला हात लावायचा नाही, हे पाळी सुरू होण्याआधी लेखी देणे हे प्रदर्शन मांडणाऱ्याचे काम होते.

या सगळ्या धोक्यांवरून एक गोष्ट दिसते : सर्व जागांना एकच नियम लावणे चूक आहे. आणि नेमके तेच या वादात सतत होते. पालात्सो स्त्रोत्सी 1489 मध्ये बांधायला घेतलेला महाल असला तरी तिथे कायमचा संग्रह नाही. 2016 मध्ये आय वेइवेइने त्याच्या दर्शनी भिंतीवर निर्वासितांच्या 22 केशरी रबरी होड्या टांगल्या, 2018 मध्ये कार्स्टेन हॉलरने अंगणात घसरगुंड्या उभारल्या. त्यासाठी कोणाचे चित्र हलवावे लागले नाही. बोर्गेझे किंवा फ्लॉरेन्सचे उफित्सी संग्रहालय मात्र जुन्या कलेने भरलेली आहेत. एक मंगल कार्यालय आहे, दुसरे राहते घर. मिलानचे हँगरबिकोक्का ही तर रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कारखान्याची शेड आहे. आन्सेल्म कीफरचे सात काँक्रीटचे मनोरे, प्रत्येकी 14 ते 18 मीटर उंच आणि सुमारे 90 टन वजनाचे, तिथे कायमचे उभे आहेत आणि पाहायला पैसे पडत नाहीत. हे काम कोणत्याही महालात बसवण्याचा हट्ट धरला असता तर तो महाल कोसळला असता. महत्त्वाकांक्षा मोठी असेल तर तिला साजेशी जमीन शोधणे हाही कलाविचारच आहे. तुरिनजवळच्या रिव्होली किल्ल्याने 1984 मध्ये तिसरी वाट दाखवली. वास्तुकार युव्हार्राने अठराव्या शतकात अर्धवट सोडलेला राजवाडा पूर्ण न करता, त्याच्या तुटक्या भिंती तशाच ठेवून, समकालीन कलेला दिला. मुंबईत काम करणाऱ्या नलिनी मलानी यांचे सिंहावलोकन 2018 मध्ये तिथेच झाले.

भरलेल्या घरात काय चालते, काय नाही, याची माझी कसोटी सोपी आहे : हे काम दुसऱ्या कोणत्या खोलीत नेले तर त्याचे काही बिघडेल का? कून्सचे ‘प्लूटो आणि प्रोसर्पिना’ बर्निनीच्या त्याच विषयावरच्या शिल्पावर आधारलेले आहे. बर्निनीचे ते शिल्प रोममध्ये आहे, फ्लॉरेन्समध्ये नाही. चौकात ते दोनातेल्लोशी किंवा मायकेलअँजेलोशी काय बोलत होते? काहीच नाही, ते कोणत्याही श्रीमंत शहराच्या कोणत्याही चौकात तितकेच चकाकले असते. त्याच्या समोर रुडॉल्फ स्टिंगेलचे 2013 चे काम ठेवा. त्याने पालात्सो ग्रास्सीच्या सगळ्या मजल्यांच्या जमिनी आणि भिंती पौर्वात्य गालिच्याचे नक्षीकाम छापलेल्या गालिच्याने झाकल्या, पाच हजार चौरस मीटरवर. पूर्वेशी व्यापार करून मोठ्या झालेल्या शहरातल्या महालात पावलांचा आवाज नाहीसा झाला आणि खोल्यांचा आकार पहिल्यांदा कळला. प्रदर्शन संपल्यावर गालिचा काढला, वास्तू जशी होती तशी. मालकी-हिताचा आक्षेप तिथे होताच, मी तो वर मांडला आहे, तरीही कामाचे मोल मला नाकारता येत नाही. 2023 मध्ये बोर्गेझेत ‘जुझेप्पे पेनोने’ या नावाच्या शिल्पकाराचे प्रदर्शन झाले. साठच्या दशकाच्या अखेरीपासून झाडे, साल, पाने आणि श्वास यांवरच काम करणारा हा शिल्पकार, जिथे डाफ्नेच्या मांडीवर साल चढते आहे त्या घरात. 2024 मध्ये लुईझ बुर्जवाची कामे आली. 1967 पासून ती इटलीच्या संगमरवरावर काम करत होती. ही दोन्ही प्रदर्शने पाहणाऱ्याला बर्निनी अधिक दिसला. त्या शेजाराचे समर्थन यातच आहे.

आणि काही वेळा नवे काम कायमचे राहावे लागते. 23 नोव्हेंबर 1980 च्या भूकंपात नेपल्सच्या परिसरात सुमारे 2,900 माणसे मेली. नेपल्सचे दालन-चालक लुचो आमेलियो यांनी त्यानंतर जगभरच्या कलाकारांना भूकंपाला उत्तर देणारी कामे करायला बोलावले. वॉरहॉलने ‘इल मात्तिनो’ या स्थानिक दैनिकाचे ‘लवकर करा’ असे ओरडणारे पहिले पान तीनदा घेतले. बॉयसने, कीफरने, इतरांनी आपापले काम दिले. हा संग्रह आज नेपल्सजवळच्या काझेर्ताच्या अठराव्या शतकातल्या राजवाड्यात आहे, कारण आमेलियो यांनी तो विकला नाही, मृत्युपत्राने त्या राजवाड्याला दिला. विकणाऱ्या माणसाने हे केले, हे मी मुद्दाम सांगतो : बाजारातला माणूस म्हणजे आपोआप संशयित, असे नाही.

खर्च कोण उचलणार, या प्रश्नालाही इटलीत जुने उत्तर आहे. 1962 मध्ये स्पोलेतो शहरात जोव्हान्नी कारान्देन्ते यांनी रस्तोरस्ती, चौकाचौकांत नवी शिल्पे मांडली. सरकारी पोलाद कंपनी इताल्सिदेरने कलाकारांना पैशाऐवजी कारखाने आणि कामगार दिले. अमेरिकी शिल्पकार डेव्हिड स्मिथला जेनोव्हाजवळच्या व्होल्त्रीत बंद पडलेला कारखाना मिळाला. एक-दोन शिल्पे अपेक्षित होती, त्याने 30 दिवसांत 27 केली, तिथल्याच जुन्या चिमट्यांतून, चाकांतून, पत्र्यांतून. शिल्पकार काल्डरचे ‘तेओदेलापियो’ हे शिल्प 18 मीटर उंच; स्पोलेतोच्या रेल्वे स्थानकासमोर ते आजही उभे आहे, पायांखालून वाहने जाऊ शकतील एवढे मोठे. तिथे तयार माल मागवला गेला नाही, काम घडवून घेतले गेले. मायकेलअँजेलोचा दाखला द्यायचाच असेल तर तो इथे लागू पडतो.

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने 2008 मध्ये पुन्हा उघडल्यानंतर हीच पद्धत धरली. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया यांना बोलावून 1872 च्या त्या वास्तूला आणि तिथल्या मातीच्या बाहुल्यांना, नकाशांना, वस्तूंना उत्तर द्यायला सांगितले. इटलीशी तुलना करताना आपण नेहमी मागे असतो, असे नाही.

शेवटचा आक्षेप उरतो : एवढ्या अटी घातल्या तर प्रदर्शने कमी होतील. होय, होतील, आणि व्हायला हवीत. इटलीत 1949 पासून कायदा आहे की सरकारी इमारतीच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा, मुळात 2 टक्के, कलेवर खर्च करावा. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली. 2001 च्या कायद्याने समकालीन कलेसाठी वेगळी तरतूद आली, 2017 पासून ‘इटालियन काउन्सिल’ या योजनेतून नवी कामे करून घेऊन ती सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची वाट खुली झाली. पैसा थोडा आहे, पण वाट आहे. वर्षातून तीन उसन्या प्रदर्शनांऐवजी दोन वर्षांतून एक घडवून घेतलेले काम, जागेच्या निवडीवर जाहीर बैठक, बोललेल्या प्रत्येकाचे म्हणणे नोंदवलेले, आणि विक्री-दालनाने खर्च उचलला असेल तर प्रदर्शनानंतर ठरावीक काळ ते काम विकायचे नाही असे कलम करारात. हे बोर्गेझेला, उफित्सीला, फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेला उद्यापासून करता येण्यासारखे आहे. भिंतीवरच्या पाटीवर कलाकाराचे नाव, साल आणि माध्यम लिहितातच. त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात : हे काम इथे आणण्याचे पैसे कोणी दिले, आणि प्रदर्शन संपल्यावर ते कुठे जाणार आहे.